गुलाबाचं वर्ष गणपतीनंतर सुरू होतं

कोकणात पाऊस लागला की जो तो रोपं लावायला निघतो. नारळ-सुपारीला ते ठीक आहे, गुलाबाला नाही. रत्नागिरीत आलो त्या वर्षी जूनमध्येच मी ग्लॅडिएटर जातीचे, कळ्यांनी भरलेले दोन गुलाब हौसेने घरी आणले आणि गोकुळाष्टमीपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. पान सात-आठ तास सलग ओलं राहिलं की काळ्या ठिपक्याची बुरशी त्यात शिरते, आणि आपल्याकडे जुलैत पान कोरडं असतं कधी? म्हणून गुलाबाची तयारी गणपती गेले की हाती घ्यायची आणि दिवाळीच्या आसपास उरकायची.

आधी माती, कारण तिला मुरायला वेळ लागतो. जांभ्याची तांबडी माती एकटी वापरली तर पावसात दबून बसते आणि उन्हात तिची वीट होते. दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं भाताचं तूस आणि दोन मुठी लिंबोळी पेंड असं मी कालवतो. शेणखत मुठीत घेऊन हुंगून बघा. शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तरच घ्या. कालवलेलं मिश्रण गोणपाटाखाली, पावसाची झड लागणार नाही अशा जागी पंधरा दिवस ठेवून द्या.

कुंडी बारा इंची, त्याहून लहान नको. मातीची मिळाली तर उत्तम. तळाला एकच भोक असेल तर आणखी तीन पाडून घ्या, भोकांवर खापऱ्या पालथ्या घाला आणि कुंडी विटांवर चढवा. गच्चीवर टेकलेल्या कुंडीतून पाणी निघत नाही. भरलेली कुंडी एकदा नीट भिजवा, मग तांब्याभर पाणी ओतून मनात वीस आकडे मोजा. तोवर खालून धार लागली नाही तर कंटाळा न करता ओतून पुन्हा भरा. गुलाब आपल्याकडे उपासमारीने फारसा मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतो.

जागा ठरवताना सकाळचं ऊन बघा. रात्रीचं दव आठ-नऊच्या आत सुकलं पाहिजे. दोन कुंड्यांमधून माणूस आडवा जाईल एवढी वाट सोडा, भिंतीला चिकटवू नका आणि पागोळ्यांखाली तर अजिबात ठेवू नका. मार्चनंतर दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी लागेल, तिचे हूक आत्ताच ठोकून ठेवा.

रोप आणायचं ते पाऊस परतल्यावर. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, तेव्हा महिन्याच्या मध्यापर्यंत धीर धरा. फुलं बघून भुलू नका, डोळा भरलेली जागा, म्हणजे जंगली खुंटावर कलम केलेला सांधा, बघा: तिथून वर दोन-तीन जाड फांद्या हव्यात. डोळ्याच्या खालून फुटलेला फोक म्हणजे खालच्या जंगली खुंटाचा, तो मुळापाशी ओढून काढायचा. तळेगावच्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे गुलाब फुलदाणीत छान दिसतात, पण तो वाण आपल्या हवेत आणायचा हट्ट मी सोडला. नवख्याने गावठी गुलाब आणि एखादा बटण गुलाब घ्यावा. बरीच रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो तसाच पुरला तर मुळं त्यातच कोंडतात. गोळा बादलीत अर्धा तास भिजवून कडेची माती हलकेच सोडवा, मुळं पिळू नका.

घरी जुनी झाडं असतील तर त्यांची छाटणी याच सुमाराला, कोरड्या दिवशी. कात्री स्पिरिटने पुसा. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (इथे डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब फुटायचा उंचवटा) पाव इंच वर तिरका काप घ्या आणि कापलेल्या टोकाकडे नीट बघा. गाभा पांढरट हिरवा असेल तर थांबा. तपकिरी असेल तर फांदी वरून मरत खाली येते आहे, निरोगी गाभा लागेपर्यंत खाली कापत जा. उत्तरेतल्यासारखी बुडापर्यंत छाटू नका, निम्मं झाड राहू द्या.

कापांवर लावायची बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी अडवणारा मोरचूद-चुन्याचा लेप, आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी करा. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना विरताना तापतो, तोंड लांब ठेवा. गार झाल्यावर दोन्ही एकत्र करा. आकाशी रंगाचं दाट पाणी होतं. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. सुरी कोरी निघाली की जुना ब्रश घेऊन लावायला लागा.

गळलेली, काळे ठिपके पडलेली पानं वेचून घराबाहेर टाका, खताच्या खड्ड्यात नाही. लिटरला पाच मिली निमतेल आणि चमचाभर साबणाचं पाणी फवारणीला जवळ असू द्या. पाणी सकाळी आणि बुडाशीच. नारळाची सोडणं बारीक करून मातीवर पसरा, पण खोडाला टेकवू नका. चहाचा चोथा धुऊनच घाला, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. आणि मासे धुतलेलं पाणी? आमच्या आळीत सगळेच घालतात, झाडं खूशही दिसतात, पण मांजरांनी माझी कुंडी दोनदा उकरली तेव्हापासून ते माडाला जातं.

छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी फुलं येतात. घरी मार्गशीर्षातले गुरुवार असतील तर कॅलेंडरवर तेवढे दिवस उलटे मोजून कात्रीची तारीख आत्ताच लिहून ठेवा.