फेरेटचं मॉडेल करताय? या चुका टाळा

फेरेट ही ब्रिटिश सैन्याची टेहळणीची छोटी चिलखती गाडी. डेमलर कंपनीनं १९५२ ते १९७१ या काळात चार हजारांहून जास्त बनवल्या. भारतीय लष्करातही त्या होत्या. गाडी एकच, पण तिचे मार्क, म्हणजे आकड्यांनी ओळखले जाणारे प्रकार, इतके की मॉडेल करणारा हमखास कुठेतरी घसरतो.

सगळ्यात नडतो तो आकडा. मार्क पुढचा म्हणजे शस्त्र जास्त, असं आपण धरून चालतो. मार्क २/६ च्या टरेटला, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाला, दोन्ही बाजूंना एकेक व्हिजिलंट रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र असे. पुढे क्षेपणास्त्रं काढली आणि त्याच गाडीला २/७ नाव पडलं. आकडा वर गेला, शस्त्र कमी झालं! मी हौसेनं क्षेपणास्त्रं चिकटवली आणि खालच्या पाटीवर २/७ लिहून मोकळा झालो. मित्रानं चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाला, "काढलेली परत कुणी लावली रे?" पाटी खरवडून काढताना रंगाचा टवकाही उडाला.

तेव्हा आधी टरेट बघा. मार्क १ ला टरेट नाही, वरून उघडी. मार्क २ ला एका मशीनगनचा छोटा टरेट. पण तेवढ्यावर थांबू नका, चाकं बघा. मार्क ४ म्हणजे मोठी चाकं आणि पाण्यातून तरंगत जाण्यासाठी कडेनं गुंडाळून ठेवलेला पडदा. २/३ ची चाकं लावून वर मार्क ४ म्हणणारे बरेच भेटतात. मार्क ५ चा घोळ सहसा होत नाही. स्विंगफायर क्षेपणास्त्रांचा तो चपटा टरेट लांबूनच कळतो.

रचना दाखवायची म्हणून मागची चाकं वळवून ठेवू नका. चारही चाकं वळायची ती हिच्या आधीच्या डिंगो या टेहळणी गाडीची, तीही पहिल्या मार्कांचीच. नवख्या ड्रायव्हरांना गाडी आवरेना, म्हणून डिंगोच्या मार्क २ पासून फक्त पुढची चाकं वळू लागली. फेरेटची तर मागची चाकं कधीच वळली नाहीत.

मार्क १ करत असाल तर आतलं सगळं वरून दिसतं, तिथे आळस चालत नाही. स्टिअरिंग आपल्या ट्रकसारखं छातीकडे कललेलं नसतं. ते उलटं, वरची कड ड्रायव्हरच्या जवळ आणि खालची लांब. आणि डावं पेडल क्लचचं नाही. गिअर आधी निवडून ठेवायचा आणि हे पेडल दाबलं की तो पडायचा. पेडल अर्धवट दाबलं तर ते उसळून पायावर यायचं. पाच गिअर पुढे, पाचही मागे, त्यासाठी दिशेचा दांडा वेगळा. तो विसरू नका, मी दोनदा विसरलोय.