घरी लाकडी ब्लूटूथ स्पीकर बनवताय? या चुका टाळा

माझा पहिला स्पीकर जुन्या सागवानी फळीचा होता. दिसायला देखणा, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दोन दिवस मी बिचाऱ्या ॲम्प्लिफायरला शिव्या घातल्या. मग तबल्याचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावून सांध्यांवरून ओलं बोट फिरवलं, तर मागच्या झाकणाच्या कोपऱ्यात प्रत्येक ठेक्याला गार वारा लागला. फट जेमतेम नखाएवढी.

स्पीकरचा कोन (आवाज काढणारा कागदी पडदा) पुढे जातो तेव्हा पेटीतली हवा विरळ होते, मागे येतो तेव्हा दाबली जाते. ती फटीतून आत-बाहेर करू लागली की बास (खर्जाचा आवाज) गेलाच, वर फुरफुर ऐकू येते ती वेगळी. सांधे आतून फेविकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा. झाकणाला आणि ड्रायव्हरच्या (कोन आणि चुंबक असलेल्या गोल भागाच्या) कडेला दारा-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी लावा. वायरचं भोक बुजवायचं हमखास विसरलं जातं.

फट नाही, तरी बास पोकळ? मग दोन ड्रायव्हरपैकी एकाच्या वायरी उलट जोडल्या असतील. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघा: प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन बाहेरच यायला हवेत.

पीएएम८४०३ हा ॲम्प्लिफायरचा छोटा बोर्ड स्वस्त म्हणून सगळेच घेतात आणि घरात पडलेला १२ व्होल्टचा ॲडाप्टर लावून जाळतात. त्याला ५ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका. दुसरं म्हणजे जुन्या कॅसेट डेकच्या सवयीने दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र पिळू नका. इथे दोन्ही टोकांना सिग्नल असतो, ग्राउंड नव्हे.

ब्लूटूथ सुरू होताच किरकिर येते? ब्लूटूथ बोर्ड तात्पुरता वेगळ्या पॉवर बँकेवर चालवून बघा. आवाज थांबला तर दोष ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायरला एकाच ठिकाणून वीज देणाऱ्या सप्लायचा. बी०५०५एस हा आयसोलेटेड मॉड्यूल (दोन बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा छोटा भाग) ब्लूटूथच्या सप्लायमध्ये टाका. बोर्डाच्या कडेची नागमोडी रेघ म्हणजे अँटेना. ती चुंबकामागे कोंबली की शेजारच्या खोलीतून गाणं तुटतं.

बॅटरीत मात्र काटकसर नको. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले १८६५० सेल (गोल लिथियम-आयन सेल) वापरू नका, सेलवर थेट सोल्डर तर मुळीच नको, होल्डर घ्या. टीपी४०५६ हा सेल चार्ज करणारा छोटा बोर्ड घेताना सेलचं संरक्षण करणारं सर्किट असलेलाच घ्या आणि ॲम्प्लिफायर त्याच्या आउट टोकांना जोडा, बॅटरीच्या टोकांना नाही.

स्क्रूची भोकं ड्रायव्हर बसवण्याआधी पाडा. चुंबक स्क्रूड्रायव्हर असा खेचतो की हात सटकून टोक थेट कागदी कोनात. (एक ड्रायव्हर असाच गेला.)

आणि मागचं झाकण चिकटवू नका, स्क्रूच लावा. मी हौसेने चिकटवलं होतं. सहा महिन्यांनी सेल बदलायला ती सागवानी पेटी करवतीने कापावी लागली.