ऑनलाइन पावसाचे नकाशे बघताना या चुका टाळा

"चार अ‍ॅपवर बघितलं, चारही उद्या पाऊस म्हणतायत." पावसाळ्यात ट्रेकच्या ग्रुपवर हे वाक्य हमखास येतं आणि पहिली चूक इथेच होते. बहुतेक अ‍ॅपवाले स्वतः काहीच मोजत नाहीत. अमेरिकेचं जीएफएस, युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ, जर्मनीचं आयकॉन अशा मोजक्या मॉडेलांचे, म्हणजे संगणकावर केलेल्या हवामानाच्या गणितांचे, आकडे घेऊन ते रंगवतात. जीएफएस फुकट मिळतं, म्हणून ते सर्रास वापरलं जातं. चारही अ‍ॅपमागे तेच असेल तर ती चार मतं नव्हेत, एकच मत चारदा ऐकलंत. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर मॉडेल बदलता येतं. जीएफएस आणि ईसीएमडब्ल्यूएफचं एकमत नसेल तर मी तरी बेत पक्का करत नाही.

दुसरी चूक म्हणजे नकाशा झूम करून आपली गल्ली शोधणं. मॉडेल नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीला एकच आकडा देतं. जीएफएसचे जे आकडे सहसा वापरले जातात, त्यांची एक चौकट पाव अंशाची, आपल्याकडे साधारण २७ किलोमीटरची. ईसीएमडब्ल्यूएफची सुमारे ९. मधले मऊ रंग अ‍ॅप स्वतः भरतं. झूम केल्याने माहिती वाढत नाही. २६ जुलै २००५ आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही वेधशाळांमधलं अंतर पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे जवळपास एका चौकटीचा मामला! घाटातही तेच. एवढ्या मोठ्या चौकटीत सह्याद्रीची धार सपाट होते, मग महाबळेश्वर आणि वाई यांतला फरक मॉडेलला नीट दिसणार कसा?

विंडीसारख्या नकाशांवरच्या वाऱ्याच्या त्या सुंदर पळत्या रेषाही 'लाइव्ह' नसतात. तो मॉडेलचा हिशोब असतो. खरं मोजमाप हवं असेल तर नकाशावर हवामान मोजणाऱ्या केंद्रांच्या नोंदींचा थर (लेयर) चालू करा. त्यातल्या बऱ्याचशा विमानतळांवरच्या असतात, त्यामुळे पुण्याचा वारा म्हणजे लोहगावचा वारा. सिंहगडावर तो तसाच असेल असं नाही.

वेळेचा घोळ तर नेहमीचाच. जीएफएस दिवसातून चारदा चालतं: आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेअकरा. प्रत्येक वेळी निकाल यायला पुढे काही तास जातात. म्हणून सकाळी सातला दिसणारा जीएफएसचा अंदाज बहुधा आदल्या रात्री साडेअकराचा असतो. 'अंदाज पुन्हा बदलला' म्हणून वैतागण्याआधी मॉडेलचा नवा रन, म्हणजे नवा हिशोब, आलाय का ते बघा. आणि अ‍ॅपचा 'आजचा पाऊस' हवामान खात्याच्या आकड्याशी जुळत नसेल, तर खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो हे लक्षात घ्या.

पुढच्या तास-दोन तासांसाठी मॉडेल सोडा, हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रडार बघा. पण चित्रावरची वेळ आधी तपासा. ती कधीकधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. रडारचा किरण अंतरागणिक उंच जातो आणि डोंगरामुळे अडतोही. त्यामुळे चित्रात घाट कोरडा दिसला तरी खालच्या ढगांतून तिथे झड लागलेली असू शकते. अशा वेळी माळशेजला जाण्याआधी तिथल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन लावलेला बरा.