बाळाला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे नेताना

दातांच्या डॉक्टरांची पायरी चढायची ती दाढ ठणकायला लागल्यावरच, अशी आपल्याकडची रीत. मोठ्यांचं एक वेळ ठीक. पण हीच रीत लहान मुलाला लावली की त्याची आणि डॉक्टरांची पहिली गाठ पडते ती सुजलेल्या गालाने, रात्रभर रडून झाल्यावर. मग ते तोंड उघडत नाही, म्हणून चार जण धरतात, आणि त्यानंतर कित्येक वर्षं दवाखान्याचं नाव काढलं की पोरगं पलंगाखाली. म्हणून पहिल्यांदा जायचं ते काही दुखत नसताना, काही करायची गरज नसताना. नुसतं बघायला आणि दाखवायला.

पहिलं काम: वेळ ठरवा

पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि काही झालं तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा जाऊन यायचं. 'अजून चारच तर दात आहेत, काय दाखवायचं?' असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. तेच चार दाखवायचे. बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दोन दात येतात, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस पूर्ण होतात. कुणाला चौथ्या महिन्यात येतात, कुणाचं वर्षापर्यंत बोळकंच असतं. दोन्हींत काळजीचं काही नाही. वरचे दात आधी आले की मामाला जड, असं सांगणारी एखादी आत्या घरोघरी असते. मामाला काही होत नाही.

जन्मतःच दात असेल, तो हलत असेल किंवा त्यामुळे बाळाच्या जिभेखाली जखम होत असेल, तर मात्र वर्षाची वाट बघू नका.

आणि मूल आता तीन वर्षांचं झालंय, अजून एकदाही नेलेलं नाही, तर? या महिन्यात न्या. उशीर झाला म्हणून डॉक्टर ओरडतील या भीतीने लांबणीवर टाकणारे पालक कमी नाहीत.

'दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत'

हे वाक्य मोडून काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. अन्न चावण्यासाठी पोरांना त्या लागतात आणि त्या खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. दाढ किडून लवकर काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडातिकडा, मिळेल तिथून बाहेर येतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही धोका पोचू शकतो.

कुठे जायचं

लहान मुलांच्या दातांचे खास डॉक्टर असतात; तीन वर्षांचं जादा शिक्षण घेऊन त्यांनी एम.डी.एस. केलेलं असतं. आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागात सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाडला खासगी दवाखाने आहेतच. खर्चाचा विचार असेल तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जा. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचं आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, आणि सातारा जिल्ह्यातल्यांना कऱ्हाडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं. दंत महाविद्यालयांत लहान मुलांचा विभाग वेगळा असतो. तिथे शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात, मग त्यांचे शिक्षक येऊन बघतात, त्यामुळे वेळ लागतो. खाऊचा डबा, पाणी आणि जादा कपड्यांची तयारी ठेवूनच निघा.

जवळपास मुलांचे खास डॉक्टर नसतील तर नेहमीचे दातांचे डॉक्टरही पहिली तपासणी करू शकतात. आधी फोन करून एवढंच विचारा: 'वर्षाच्या बाळाला बघता का?' उत्तर देणाऱ्याच्या आवाजावरूनच बरंच कळतं.

शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांतून वर्षाला दोनदा मुलांची तपासणी करतात आणि त्यात दातही बघतात. पथकाने चिठ्ठी लिहून दिली असेल तर ती फ्रीजवर चिकटवून ठेवू नका, घेऊन जा.

जायच्या आधी घरी

आठवडाभर आधीपासून एक खेळ सुरू करा. बाळाला मांडीवर आडवं घ्या, डोकं आपल्या गुडघ्यांकडे, आणि स्टीलचा छोटा चमचा घेऊन दात मोजा: एक, दोन, झाले! मग चमचा त्याच्या हातात द्या, त्याला तुमचे मोजू दे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला यात फार मजा येते. डॉक्टरांचा आरसाही साधारण तेवढाच असतो, त्यामुळे तिथे गेल्यावर तोंडात काहीतरी चमकतं आलं की ते बिचकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातल्यांची तोंडं सांभाळा. 'जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' हे एकदा म्हटलं की झालं, पुढची सगळी मेहनत पाण्यात. 'अजिबात दुखणार नाही हं' हेही नको. दुखण्याचा विषय त्याच्या मनात नव्हता, तो तुम्हीच काढलात. 'काकू तुझे दात मोजणार आहेत' एवढं पुरे. रडला नाहीस तर चॉकलेट देईन, ही लाच दातांच्या डॉक्टरांकडे जाताना तरी देऊ नये.

एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: पहिला दात कधी आला, रात्री दूध कसं पितं, कोणती औषधं चालू आहेत, हृदयाचा किंवा रक्ताचा काही त्रास आहे का. हृदयाचा त्रास असेल तर ते आत गेल्या गेल्या, कशाला हात लावायच्या आधी सांगा. लसीकरणाचं कार्डही बरोबर असू दे.

त्या दिवशी

सकाळची वेळ घ्या. झोपेच्या वेळी नेलेलं बाळ देवळातही रडतं, दवाखान्याचा काय दोष! जत, आटपाडी किंवा माण-खटावहून एसटीने येणार असाल तर पोचल्यावर त्याला अर्धा तास खेळू द्या, मग आत न्या. पोट भरलेलं असावं, पण निघता निघता गच्च दूध पाजू नका. तोंडात बोट गेलं की उलटी होते.

बरोबर किती जण? आई किंवा बाबा, आणि फार तर आणखी एक. आपल्याकडे बाळाला कुठेही न्यायचं म्हटलं की आजी, मावशी, काका असा लवाजमा निघतो. आत सगळ्यांनी एकदम 'आ कर, आ कर' केलं की डॉक्टरांचा आवाज बाळाला ऐकूच जात नाही. ज्याला स्वतःला खुर्चीची धास्ती आहे, त्याने बाहेर बसावं. आजी शांत असेल तर आईपेक्षा आजीच बरी.

आत काय होतं

वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला त्या मोठ्या खुर्चीत एकटं बसवत नाहीत. तुम्ही आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसता. बाळ तुमच्याकडे तोंड करून तुमच्या मांडीवर, त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला हळूच मागे आडवं करायचं, म्हणजे डोकं डॉक्टरांच्या मांडीवर जातं. हात तुम्ही धरायचे. त्याला वर तुमचाच चेहरा दिसत असतो, म्हणून तुम्ही हसत राहायचं, बोलत राहायचं. बघून होतं दोन-चार मिनिटांत.

ते रडेल, आणि रडू द्या. तोंड आपोआप उघडतं, डॉक्टरांचं काम सोपं होतं. तुम्ही कावरेबावरे झालात की मात्र बाळाला वाटतं, खरंच काहीतरी भयंकर चाललंय.

डॉक्टर हिरड्या, जीभ, टाळू आणि दातांचा हिरडीजवळचा भाग बघतात. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. तेवढ्यात सापडली तर ती थोपवता येते. तपकिरी होऊन खड्डा पडला की काम वाढतं. गरज वाटली तर ब्रशने दातांवर फ्लोराइडचा, म्हणजे कीड रोखणाऱ्या द्रव्याचा, पातळ लेप लावतात. सुई नाही, मशीन नाही. लेप लावला तर त्यानंतर काही तास कडक खायला देऊ नका.

निघण्यापूर्वी विचारून घ्या: पेस्ट कोणती आणि किती, रात्रीचं दूध कसं सोडवायचं, अंगठा चोखतो त्याचं काय, परत कधी यायचं. साधारण सहा महिन्यांनी बोलावतात.

घरी आल्यावरचं खरं काम

दात आल्या दिवसापासून दोन वेळा घासायचे, रात्रीचं घासणं अजिबात चुकवायचं नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेलं दूध-साखर धुतली जात नाही. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट नको. नळीवर १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार) आसपास फ्लोराइड लिहिलंय का ते बघा. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा.

तोंडात बाटली ठेवून झोपवणं बंद. पुढचे वरचे चार दात एकदम किडलेले दिसले की डॉक्टर पहिला प्रश्न बाटलीचाच विचारतात. दुधात साखर, दुधात कुस्करलेलं बिस्कीट, चोखणीला मध, या तिन्ही गोष्टी सोडा. वर्षाच्या आत मध तर दातांसाठीच नव्हे, एकूणच देऊ नये.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. तासगावचे बेदाणे घरोघरी असतात, आणि पौष्टिक म्हणून पोराच्या हातात मूठभर देऊन त्याला अंगणात सोडलं जातं. बेदाणा दाढेच्या खाचेत चिकटला की तासन् तास निघत नाही. बारकं करून जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा. काकवी-पोळीचं तेच, साताऱ्याच्या कंदी पेढ्याचंही. एकदा खाऊन संपवला तर फारसं बिघडत नाही. दिवसभर थोडा थोडा कुरतडत ठेवला तर बिघडतं. खोकल्याच्या गोड औषधानंतरही दोन घोट पाणी द्या.

आणि घरात कुणी मशेरी लावत असेल, तर ते बोट बाळाच्या हिरड्यांवर फिरता कामा नये, दात शिवशिवतायत म्हणून तर मुळीच नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. त्यापेक्षा स्वच्छ ओला रुमाल गार करून चावायला द्या. दात येताना लाळ गळते, चिडचिड होते. पण जोराचा ताप आणि जुलाब दातांवर ढकलू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तारखेची वाट बघायची नाही अशा वेळी

गाल सुजला, हिरडीवर पुवाचा फोड आला, दुखण्याने मूल रात्री उठून बसायला लागलं, किंवा पडून दात हलला, तुटला, तर त्याच दिवशी जा. दुधाचा दात आख्खा निघून पडला असेल तर तो परत खाचेत बसवायचा प्रयत्न करू नका, पण सापडला तर बरोबर न्या. कायमच्या दाताचं उलट असतं: मुळाला हात न लावता उचला, वाटीभर थंड दुधात टाका आणि तासाभराच्या आत दवाखाना गाठा. आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, जी नवी दाढ गुपचूप येते, ती कायमचीच असते.