वडाखाली बसून मुलांना परिसंस्था कशी समजावून सांगावी

"परिसंस्था म्हणजे काय?" असं फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. पूर्वी मी तसंच करायचे. मुलं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवायची आणि खिडकीबाहेरच्या झाडावर कोण कोण राहतं, असं विचारलं की "पक्षी" एवढंच सांगून थांबायची. आता मी आठ-दहा वर्षांच्या पाच-सहा मुलांना घेऊन सरळ वडाखाली जाते. बडोद्याचं नावच 'वटोदर', म्हणजे वडाच्या पोटात, यावरून आलं असं मानतात. बडोद्यात असाल तर तिथल्या कमाटीबागेत जा, नाहीतर तुमच्या घराजवळचा वड गाठा. झाड मात्र एकच धरा आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा.

पहिल्या दिवशी काहीही शिकवायचं नाही. ऊन चढायच्या आत पोचा आणि अर्धा तास नुसतं बसा. दिसेल ते मुलांनी वहीत लिहायचं, नाव येत नसेल तर चित्र काढायचं. मुलं वरच बघत राहतात, म्हणून त्यांना मुळांपाशी बसवून पालापाचोळा काडीने उलटायला सांगा. हाताने नको, खाली विंचू किंवा गोम असू शकते. वरचं पान कोरडं, त्याखालचं जाळीदार झालेलं, त्याखाली बुरशीचे पांढरे धागे, आणि तळाशी पान कुठे संपलं नि माती कुठे सुरू झाली हेच कळत नाही. मग उन्हातल्या आणि सावलीतल्या मातीवर तळवा ठेवून बघू द्या. गारवा आणि ओलही वहीत यायला हवी. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये परिसंस्थेची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी याच गोष्टीवर भर दिला होता: सजीव आणि त्यांच्याभोवतीचं ऊन, पाणी, माती हे सगळं मिळून एकच व्यवस्था असते.

दुसरी फेरी झाडाला फळं लागलेली असताना करा. ही माझी सगळ्यात आवडती फेरी, इथे घाई करू नका. कुणी फार दिवसांनी घरी आलं की आजी म्हणते ना, "उंबराचं फूल झालास की रे!" ते फूल कुणाला का दिसत नाही, हे इथे दाखवता येतं. वड आणि उंबर एकाच कुळातले. वडाचं एक फळ नखाने उघडा. ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली असतात. फळाच्या टोकाशी एक छिद्र असतं. त्यातून तिळाहूनही लहान गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. अंगावर आणलेले परागकण ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढे तिच्या पिलांपैकी बिनपंखी नर बाहेर जायची वाट कोरतात आणि मादी परागकण घेऊन दुसऱ्या वडाकडे उडते. वडाला बी धरण्यासाठी ही माशी लागते आणि माशीला अंडी घालायला वडाचं फळच लागतं. हे ऐकून मुलं हातातल्या फळाकडे पुन्हा एकदा बघतात. तेवढा वेळ त्यांना द्या.

आता वहीतली नावं मोठ्या कागदावर मांडा: वड, गांधीलमाशी, अळी, तांबट, हरियाल, कोकीळ, खार, वडवाघूळ, शिक्रा, वाळवी, बुरशी. कोण कुणाला खातं ते बाणांनी दाखवायचं. इथे बहुतेक मुलं बाण उलटा काढतात, खाणाऱ्याकडून खाद्याकडे. त्यांना विचारा, "अन्न कुठून कुठे गेलं?" बाण तिकडेच वळवायचा: अळीकडून पक्ष्याकडे, पक्ष्याकडून शिक्र्याकडे. शेवटी सगळ्यांचे बाण बुरशीकडेही जातात, हे मुलांनाच शोधू द्या.

एवढ्या मोठ्या वडावर शिकरे इतके थोडे का, असं एखादं मूल विचारेलच. त्याच्यापुढे १०० चणे ठेवा. हे पानांतलं अन्न. अळ्यांनी ते खाल्लं की त्यातले साधारण १० त्यांच्या अंगी लागतात आणि अळ्या खाणाऱ्या पक्ष्याच्या अंगी १. बाकीचं हालचालीत, उष्णतेत आणि विष्ठेत जातं. प्रमाण दर वेळी नेमकं दहावा हिस्साच असतं असं नाही, पण दर पायरीला मोठी घट होते हे चण्यांवरून कळतं.

मग सुतळीचा खेळ. मुलं गोल उभी राहतात, प्रत्येकाला एक नाव, आणि ज्यांचं नातं आहे त्यांच्यामध्ये सुतळी ताणायची. गांधीलमाशी झालेल्या मुलाला खाली बसायला सांगा. ज्याच्या हातातली सुतळी खेचली जाईल त्यानेही बसायचं. आधी वड बसतो, मग हरियाल, मग वडवाघूळ.

बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरींबद्दल मुलं विचारतीलच, विशेषतः २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्यापासून. नदीचंही असंच जाळं कागदावर मांडता येतं, त्यात मासे, कासवं, पाणपक्षी येतात. ते पुलावरून बघून करा, काठावर उतरू नका.

घरी परतताना एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेलं वडाचं किंवा पिंपळाचं रोप दाखवा आणि विचारा, "हे इथे कुणी लावलं?" उत्तर सांगू नका. कागदावरचं जाळं उघडून मुलांना फळ खाणाऱ्यांची नावं पुन्हा एकदा वाचू द्या.