मंदीच्या बातम्या वाचताना या चुका टाळा : वेस्ली मिचेल यांचा वारसा

‘सलग दोन तिमाही जीडीपी (देशाचं एकूण उत्पादन) घटला की मंदी’ हे सूत्र स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये असतं, टीव्हीवरच्या चर्चेत असतं आणि शेअर बाजाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही असतं. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवण्याचा मान नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेला आहे आणि ती हे सूत्र वापरत नाही. १९२० साली सुरू झालेल्या या संस्थेच्या संशोधनाची धुरा पहिली पंचवीस वर्षं वेस्ली क्लेअर मिचेल (१८७४–१९४८) यांनी सांभाळली. व्यापारचक्र, म्हणजे अर्थव्यवस्थेत पुन्हा पुन्हा येणारी तेजी-मंदी, मोजायचं कसं, याचा पाया त्यांनी घातला. त्यांनी रुळवलेले शब्द आज सगळे वापरतात, त्यामागची पद्धत मात्र फारसं कुणी पाहत नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

दोन तिमाहींवर निकाल देऊन मोकळं होणं

मिचेल आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर बर्न्स यांनी १९४६ च्या ग्रंथात व्यापारचक्राची व्याख्या दिली. तिचा गाभा असा : उत्पादन, रोजगार, उत्पन्न, विक्री अशा अनेक व्यवहारांत साधारण एकाच सुमाराला चढ येतो आणि पुढे तसाच सर्वदूर उतार लागतो. त्यामुळे घसरण किती खोल आहे, किती पसरली आहे आणि किती काळ टिकली, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. २०२० मध्ये अमेरिकेतली घसरण फेब्रुवारी ते एप्रिल अशी जेमतेम दोन महिने टिकली, तरी तिची मंदी म्हणूनच नोंद झाली, कारण ती अतिशय खोल आणि सर्वदूर होती. मार्च ते नोव्हेंबर २००१ ही मंदी तर आजच्या सुधारित आकड्यांत सलग दोन तिमाहींची घट दाखवतच नाही. सूत्र लावलं असतं तर ती हातातून निसटली असती.

चक्र म्हणजे कॅलेंडर, असं समजणं

‘दर दहा वर्षांनी मंदी येतेच’ या भरवशावर गुंतवणुकीचे निर्णय घेऊ नका. चक्र पुन्हा पुन्हा येतं, पण ठरावीक अंतरानं येत नाही, हे मिचेल यांनी निक्षून सांगितलं होतं. त्यांच्या मते एका चक्राचा काळ वर्षभराहून थोडा जास्त ते दहा-बारा वर्षं असा कितीही असू शकतो. जून २००९ मध्ये सुरू झालेली अमेरिकेतली तेजी १२८ महिने चालली, म्हणजे दहा वर्षं उलटली तरी ती थांबली नव्हती.

सरासरी आकडा सगळ्यांचा मानणं

मला ही चूक सर्वांत महाग पडणारी वाटते, आणि मिचेल यांचं सुरुवातीचं कामच तिच्यावरचा उतारा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ पासून, सरकारनं सोन्यात न बदलता येणारं कागदी चलन काढलं. त्याला ग्रीनबॅक म्हणत. या चलनाचा इतिहास मिचेल यांनी १९०३ च्या ग्रंथात मांडला. युद्धात पैशाची रेलचेल झाली, एवढ्यावर न थांबता त्यांनी किमती, मजुरी, व्याज आणि नफा यांचे आकडे वेगवेगळे लावून पाहिले. किमती आधी चढल्या आणि मजुरी मागे पडत गेली. म्हणजे मजुराच्या हातात नोटा जास्त आल्या, पण त्यांत येणारा माल कमी झाला.

मिचेल १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवायला आले. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पुढे १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात बाबासाहेबांनीही हीच नस पकडली : रुपया घसरल्यानं निर्यातदारांना होणारा फायदा साऱ्या देशाचा नसतो, कारण किमती वाढतात त्या वेगानं मजुरी वाढत नाही. कोणी कोणाकडून काय घेतलं, हा इथे प्रश्न नाही. चलनाचा अभ्यास करणारी दोन माणसं मजुराच्या खिशापाशी थांबली, हे मला फार मोलाचं वाटतं. महागाईचा दर वाचताना तो कोणाच्या खर्चाचा आहे आणि त्या माणसाचं उत्पन्न किती वाढलं, हे आधी विचारा.

घर ही छोटी कंपनी आहे, असं गृहीत धरणं

१९१२ मध्ये मिचेल यांनी पैसे खर्च करण्याची कला मागासलेली का राहिली, या विषयावर निबंध लिहिला. त्याचं नाव ऐकून अनेकांना वाटतं की गृहिणींना काटकसरीचे धडे दिले असतील. निबंध वाचला की उलटं दिसतं, त्यात गृहिणीची बाजू समजून घेतली आहे. कारखान्यात खरेदीसाठी वेगळा जाणकार माणूस असतो. घरात एकाच बाईला दूध, कपडे, औषधं, मुलांच्या शाळेच्या वस्तू, सगळ्यांचीच पारख करावी लागते आणि तीही इतर कामं सांभाळून. शिवाय कंपनीला यश मोजायला नफा हे एकच माप असतं. घरातलं आरोग्य, मुलांची वाढ, पाहुण्यांचा मान हे कोणत्या एका मापात मोजणार? म्हणून ‘लोक बेहिशेबी खर्च करतात’ असा शेरा मारण्याआधी, हिशेब करायला त्यांच्याकडे माप कोणतं आहे, ते पाहायला हवं.

‘नुसते आकडे, सिद्धान्त नाही’ ही टीका जशीच्या तशी उचलणं

१९४७ मध्ये अर्थतज्ज्ञ त्यालिंग कूपमन्स यांनी मिचेल-बर्न्स यांच्या ग्रंथावर सिद्धान्ताविना मोजमाप केल्याचा आक्षेप घेतला. हा आक्षेप इतका गाजला की पुष्कळ जण मिचेल यांच्याबद्दल तेवढंच ऐकून असतात. त्या ग्रंथाच्या पद्धतीविषयी हा वाद जरूर व्हावा. पण १९१३ च्या व्यापारचक्रांवरील ग्रंथात त्यांनी कार्यकारणाची साखळी नीट दाखवली आहे. तेजी जुनी होत जाते तसे कच्चा माल, मजुरी आणि व्याज महागतात. किमती त्या गतीनं वाढवता येत नाहीत, नफ्याची आशा आटते, आणि उधारी देणारे हात आखडू लागतात. घसरण लागते. मग मंदीत खर्च उतरतात, साठे संपतात, कर्ज स्वस्त होतं आणि पुन्हा चढ सुरू होतो. तेजीच्या पोटातच मंदी वाढते, हा सिद्धान्तच आहे.

मंदी संपली म्हणजे चांगले दिवस आले, असं मानणं

मंदी संपते ती तळाला. तिथून वर यायला वेळ लागतो. अमेरिकेत जून २००९ मध्ये मंदी संपल्याची नोंद आहे, पण बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचली. मिचेल यांनी बदलाच्या टक्केवारीपेक्षा व्यवहारांच्या पातळीवर लक्ष ठेवलं. हाच चष्मा आपल्याकडे लावून पाहा. एप्रिल-जून २०२१ मध्ये भारताचा जीडीपी वर्षभरात २०.१ टक्के वाढल्याची बातमी आली, पण त्या तिमाहीचा जीडीपी ३२.३८ लाख कोटी रुपये होता आणि २०१९ च्या त्याच तिमाहीत ३५.६६ लाख कोटी, म्हणजे पातळी अजून खालीच होती.

आजच्या आज उत्तर मागणं

डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी ब्युरोनं जाहीर केली ती १ डिसेंबर २००८ रोजी. आकडे पुन्हा पुन्हा सुधारले जातात, म्हणून मंदीच्या तारखा ठरवणारी ब्युरोची समिती थांबते. घाई असेल त्यांच्यासाठी पुढचा अंदाज देणारे निर्देशक आहेत. त्यांचं मूळही मिचेल यांच्याकडेच जातं : १९३७-३८ च्या घसरणीत अमेरिकेचे अर्थमंत्री मॉर्गेंथाऊ यांनी विचारणा केल्यावर मिचेल आणि बर्न्स यांनी पुनरुज्जीवनाची चाहूल देणाऱ्या आकड्यांच्या मालिकांची यादी केली. शेअर बाजाराचा निर्देशांक आजही अशा याद्यांत असतो, पण तो अनेकांतला एक म्हणून. बाजार कोसळला आणि बाकीच्या मालिका जागच्या जागी असल्या, तर मंदी आली असं म्हणायला अजून आधार नाही.