जुन्या इमारतींच्या जतनाचा पुरस्कार: पारख करायची कशी?

शहरातल्या जुन्या वास्तूंच्या जतनासाठी पुरस्कार सुरू करणाऱ्या समित्या बहुधा पहिल्याच पायरीवर चुकतात. त्या कामाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो मागवतात. या दोन फोटोंच्या मधे काय झालं ते कुठेच दिसत नाही, आणि कामाची खरी परीक्षा तिथेच असते. काळवंडलेली विटांची भिंत वाळूचा मारा करून एका दिवसात उजळते, फोटोतही छान येते. पण भट्टीत विटेवर तयार झालेला टणक थर त्या माऱ्यात निघून जातो, आतली सच्छिद्र वीट उघडी पडते आणि पाणी पिऊ लागते. भिंतीचा भुगा गळायला लागतो तोवर पुरस्कार देऊन झालेला असतो.

म्हणून सुरुवात अर्जापासून करा. मोजमापांसह काढलेले जुन्या स्थितीचे नकाशे मागा. त्यांवर भेगा, ओल, गंज, वाळवी कुठे होती ते दाखवलेलं असावं आणि प्रत्येक बिघाडाचं कारणही लिहिलेलं असावं. ओल जमिनीतून चढते आहे, पन्हळ फुटल्याने वरून येते आहे की बाहेरच्या गिलाव्याच्या भेगेतून शिरते आहे, यावर उपाय ठरतो. कारण न शोधता केलेली दुरुस्ती कितीही सफाईदार असली तरी ती रंगरंगोटीच. काम सुरू असतानाचे, परांचीवर उभं राहून काढलेले, उघडलेल्या फरश्यांचे आणि छपराच्या सांगाड्याचे फोटो मागा. चुन्याचं प्रमाण, वाळूचा प्रकार आणि करून पाहिलेल्या नमुन्यांची नोंद मागा. शिवाय एक पान असं मागा, ज्यावर काय काढून टाकलं, का काढलं आणि ते आता कुठे आहे एवढंच लिहायचं. कामाबद्दल सगळ्यात जास्त हेच पान सांगतं. ‘खराब झालेली दारं बदलली’ असं त्रोटक वाक्य आलं, तर प्रत्यक्ष भेटीत आधी दारंच पाहा.

काम संपल्यासंपल्या अर्ज घेऊ नका. आशिया-पॅसिफिकमधल्या वारसा जतनासाठी युनेस्को 2000 सालापासून पुरस्कार देते. तिथेही काम पूर्ण झाल्यावर वास्तू किमान वर्षभर वापरात असावी लागते. या अटीमागे व्यावहारिक कारण आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, आणि भिंतीत अडकलेले क्षार पावसानंतरच्या पहिल्या कोरड्या दिवसांत बाहेर येतात. वर्षाच्या आत पाहिलेली भिंत चांगली दिसणारच.

आता प्रत्यक्ष भेट. दर्शनी भागासमोर उभं राहून भाषण ऐकण्यात वेळ घालवू नका. भिंतीच्या हातभर अंतरावर जा आणि दरजा, म्हणजे विटांमधल्या, चुन्याचा किंवा सिमेंटचा माल भरलेल्या सांधी, पाहा. दोन विटांमधली उभी दरज निरखा. तिच्या सरळ रेषेत, वरच्या किंवा खालच्या विटेत बारीक खाच गेलेली दिसली, तर जुना माल यंत्राच्या चकतीने कापून काढला आहे. चकती गोल असते, ती दरजेच्या टोकाला थांबत नाही. हाताने छिन्नी चालवणाऱ्या गवंड्याच्या कामात ही खाच नसते. मग रुंदी पाहा. झिजून गोलावलेल्या कडांवर माल पसरवला असेल, तर मुळात 8 मिलिमीटरची असलेली दरज 15 मिलिमीटरची दिसते आणि सगळ्या भिंतीचा चेहरा बदलतो. माल कडेपासून किंचित आत दाबलेला हवा. खोलीबद्दल विचारा: रुंदीच्या साधारण अडीचपट माल खरवडून काढलेला असावा, म्हणजे 10 मिलिमीटरच्या दरजेसाठी 25 मिलिमीटर. वरवर भरलेला माल सालीसारखा सुटतो.

माल कशाचा आहे, हा सर्वात मोठा प्रश्न. दरजेतला माल विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा मऊ हवा. भिंत हलली तर तडा दरजेत जावा, ओल बाहेर पडायची तर ती दरजेतून पडावी, कारण दरज पुन्हा भरता येते. सिमेंट टणक असतं आणि ओल अडवतं. मग पाणी मऊ दगडातून वाट काढतं, क्षार दगडाच्या आत स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पोपडे निघतात. सिमेंटच्या दरजा जशाच्या तशा पुढे आलेल्या आणि मधला दगड आत झिजत गेलेला, हे दृश्य ज्या भिंतीवर असेल तिला पुरस्काराच्या यादीत जागा नाही. भिजवून मुरवलेला चुना आणि वाळू यांचं 1 ला 3 हे नेहमीचं प्रमाण, पण आंधळेपणाने तेच वापरण्यापेक्षा जुन्या मालाची तपासणी करून ठरवलेलं प्रमाण केव्हाही सरस. बोटाने घासल्यावर पांढरी पूड हाताला लागली, तर ताजं काम ओल्या गोणपाटाखाली न ठेवता उन्हात घाईने वाळू दिलं असण्याची दाट शक्यता आहे.

लाकूडकामात खालची टोकं पाहा. दाराची चौकट जमिनीलगत कुजते, वरचा भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो. कुजलेला वीतभर भाग तिरका कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधला असेल, तर सुताराला आणि त्याला तशी मोकळीक देणाऱ्या वास्तुविशारदाला भरभरून गुण द्या. सगळी चौकट नव्याने घडवणं सोपं असतं, पण त्यात मूळ चौकट जाते. दगडांत बसवलेले लोखंडी आकडे गंजून फुगतात आणि दगड चिरतात. त्यांच्या जागी स्टेनलेस स्टील आलं आहे का, ते विचारा. मग वर पाहा. पन्हळी आणि पाण्याच्या वाटा साफ करायला माणूस तिथवर पोहोचू शकतो का?

नव्या वापरासाठी बदललेल्या इमारतींची स्पर्धा वेगळी ठेवा. साध्या दुरुस्तीशी त्यांची तुलना होत नाही. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात. तिथे सभागृह आणलं की हा आकडा 400 ते 500 वर जातो. हा वाढीव भार कसा पेलला? जुन्या तुळयांना पोलादी जोड देऊन, की आतलं सगळं उतरवून नवा सांगाडा उभा करून? दुसऱ्या प्रकारात रस्त्याकडची भिंत तेवढी उरते. अशा कामाला जतनाचा पुरस्कार देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि वातानुकूलनाच्या नळ्या कुठून नेल्या ते पाहा. मूळ नक्षीदार छताखाली खोटं छत टांगलं असेल, तर एक फळी उघडायला सांगा. पुढे वापर बदलला तर नवा भाग जुन्याला इजा न करता काढता येईल का, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा.

लंडनच्या जुन्या वीजकेंद्रात 2000 साली टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झालं. टर्बाइनचं प्रचंड दालन मजले घालून न भरता मोकळं ठेवल्याने आत शिरणाऱ्याला मूळ इमारत कळते. बर्लिनच्या नॉयस म्युझियममध्ये युद्धात नष्ट झालेले भाग जुन्या विटा वापरून बांधले, पण हरवलेली नक्षी नव्याने रंगवली नाही. 2009 साली ते पुन्हा उघडलं. दुरून एकसंध आणि जवळून वेगळा कळणारा नवा भाग, या कसोटीला ते काम उतरतं. केपटाउनच्या धान्य-कोठाराचं 2017 साली कलासंग्रहालय झालं, तेव्हा काँक्रीटच्या उभ्या नळ्या आतून कापून मोठं दालन कोरलं. मूळ बांधकाम इतकं काढणं योग्य का, यावर परीक्षकांनी मोकळेपणाने वाद घालावा. 1964 सालची व्हेनिस सनद, म्हणजे वास्तुजतनाची तत्त्वं मांडणारा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज, सांगते की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. वादात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

परीक्षक पाच ते सात असावेत. त्यांत जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता आणि हाताने काम करणारा एक कारागीर हवाच. गवंड्याच्या नजरेला जे दिसतं, ते प्राध्यापकाला दिसत नाही. शंभर गुणांपैकी 30 बिघाडांच्या निदानाला आणि नोंदींना, 35 साहित्य आणि कारागिरीला, 20 वास्तूच्या वापराला, 15 पुढच्या देखभालीच्या आराखड्याला, अशी आमची शिफारस आहे. चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून द्यावेत, नाहीतर सर्वात वजनदार आवाजाचं मत सगळ्यांचं होतं. ज्या परीक्षकाचा कामाशी संबंध असेल, त्याने त्या वेळी खोलीबाहेर जावं. एकही काम पात्र नसेल, तर त्या वर्षी पुरस्कार देऊ नका.

मानपत्रात ‘उत्कृष्ट’ लिहून थांबू नका. कोणती गोष्ट चांगली केली ते लिहा, आणि गवंडी, पाथरवट, सुतार यांची नावं वास्तुविशारदाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्या. पाच वर्षांनी पुन्हा भेट देण्याची अट त्याच कागदावर घाला. आणि पुरस्काराची पाटी लावताना भोकं दगडात पाडू नका. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि ते दरजेतच बसवा.